दारावरच्या डबीची झोप

मित्रांनो, साबणाची वडी वापरून वापरून अर्धी झाली की कशी दिसते ते आठवा. कोपरे झिजलेले, रंग पिवळट, मधोमध एक खळगा. तशीच दिसणारी एक म्हातारी डबी अळंबीघराच्या बोळात छताजवळ बसवलेली आहे. तीच मी. शिकलेली माणसं मला संवेदक म्हणतात आणि कागदावरचं माझं नाव तर याहूनही लांबलचक आहे. पण इथे मला सगळे डबीच म्हणतात, आणि या वयात नाव बदलून घ्यायची मला हौस नाही.

माझी गोष्ट मी जरा मीठमसाला लावून सांगते, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही म्हणाल, यंत्र कधी थापा मारतं का? मापात नाही मारत. हवा किती गरम, किती ओली, किती कोंदट, हे मी जन्मभर खरं तेच सांगत आले. म्हणून बाकीच्या बाबतीत मला थोडी सूट आहे असं मी धरून चालते.

माझा जन्म एका सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत झाला. खोलीत दोन टेबलं, एक मोठं भिंग, बारीक चिमटे आणि डिंकाचा उग्र वास. तिथे बसून असल्या डब्या बनवणाऱ्या ताईंनी मला घडवलं. खाली सायकलींच्या घंट्या सारख्या वाजत, त्यामुळे जगात कोणीही जन्माला आलं की घंटा वाजवतात अशी बरेच दिवस माझी समजूत होती. ताईंनी माझ्या पोटात बोटाएवढी एक बॅटरी ठेवली आणि झाकण लावता लावता म्हणाल्या, "ही तुझी आयुष्यभराची शिदोरी. जपून खा गं बाई."

जपून खायचं म्हणजे काय करायचं, ते त्यांनीच शिकवलं. झोपायचं. डुलकी संपली की क्षणभर उठायचं, हवेचं माप घ्यायचं, शेजारणीच्या कानात सांगायचं आणि पुन्हा पांघरूण ओढायचं. मित्रांनो, माझ्याइतकी झोपाळू आणि तरीही कामसू म्हणून नावाजलेली दुसरी कोणी असेल तर तिला माझ्यासमोर आणाच.

आमचा आवाजही बेताचाच. आम्हाला बोलायला जेवढी वीज लागते तेवढ्यात डासाला धड जांभईसुद्धा देता येणार नाही. त्यामुळे लांब ओरडायची सोय नाही. मग आम्ही बहिणी काय करतो? कानगोष्टी. पलीकडच्या खोलीतली अलीकडचीला सांगते, अलीकडची तिच्या पुढचीला, असं करत करत बातमी कचेरीतल्या मोठ्या पेटीपर्यंत जाते. मुलांच्या कानगोष्टीत 'पोपट' म्हटलं की शेवटी 'टोपलं' निघतं. आमच्यात एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. आणि मधली एखादी गप्प झाली तर बातमी दुसरीकडून वाट काढते. कोणा एकीवर सगळं अडून राहू नये, म्हणून तर ताईंनी आमचं असं जाळं विणलं.

पण जाळ्यातही एखादी गाठ अशी असते की तिच्यावर सगळा ताण येतो. ती गाठ मी.

अळंबीघर म्हणजे एक लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना जाड भिंतींच्या अंधाऱ्या खोल्या. खोलीत मजल्यावर मजले चढवलेल्या फळ्या, फळ्यांवर काळं खत आणि खतातून वर आलेल्या अळंबीच्या पांढऱ्या टोप्या. अळंबी वाढताना आवाज होतो, हे कोणाला खरं वाटत नाही. मी ऐकला आहे. झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण कोणी हळूच सरकवावं, तसा असतो. तेव्हा माझी जागा बोळाच्या मुख्य दारापाशी, चौकटीवर, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. भिंती इतक्या जाड की बहुतेक खोल्यांच्या कानगोष्टी माझ्याकडेच यायच्या, आणि मी त्या पेटीला सांगायची. खोली कोंदली की पेटी पंखा लावायची. अळंबीला कोंदट हवा सोसत नाही. ती हवेच्या शोधात माना लांब करते, टोप्या बारक्या राहतात आणि असला माल कोणी घेत नाही.

मला बसवलं त्या दिवशी ताईंनी सगळ्यांना दारात बोलावलं. माझ्या मधोमध एक बटण होतं. ते त्यांनी दाबलं आणि माझा हिरवा दिवा लागला.

"हिरवा लागला म्हणजे हिचं पेटीशी बोलणं झालं," ताई म्हणाल्या. "म्हणजे ठीक आहे."

ते बटण खरं तर बसवण्याच्या दिवसापुरतं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अळंबी खुडणाऱ्या मावशी आल्या आणि आत शिरण्याआधी त्यांनी बटण दाबलं. हातात मोजे होते म्हणून कोपराने दाबलं. दिवा लागला. मावशींनी मान डोलावली आणि आत गेल्या. त्यांच्या मागच्या बाईने पाहिलं. तिनेही दाबलं.

पंखे बघणारे मिस्त्री होते, त्यांना हसू आवरेना. "मावशी, ती डबी हवा मोजते. तुमचं नशीब नाही."

"मला ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "पण घरातून निघाल्यापासून मला कोणी 'ठीक आहे' म्हटलेलं नाही. ही म्हणते. तुम्ही म्हणता का कधी?"

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीही पेचकसाच्या मुठीने बटण दाबायला लागले.

मग काय सांगू तुम्हाला माझा थाट. सकाळी येताना सगळे दाबायचे. दुपारी डबा खायला बाहेर पडताना दाबायचे, आत जाताना पुन्हा दाबायचे. कोणाच्या मुलीची परीक्षा असायची, कोणाचा नवरा रुसून बसलेला, कोणाच्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन. बटणावर बोट ठेवून ती बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची, आणि मी आपली हिरवा दिवा लावायची. मला त्यांच्या मुलीच्या परीक्षेतलं काय कळणार? पण दिवा लागला की त्यांचा चेहरा सैल व्हायचा, तो मला दिसायचा. एवढं कौतुक माझ्या बहिणींपैकी कोणाच्याच वाट्याला आलं नाही. त्या अंधारात गुमान झोपलेल्या असायच्या, आणि मी दारावर मिरवत असायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

फक्त एक गोष्ट होती. प्रत्येक वेळी दाबलं की माझी झोपमोड व्हायची. पेटीला हाक मारायची, तिच्या उत्तराची वाट बघायची, वर दिवा लावून ठेवायचा. एका दाबण्यात माझी दिवसभराची शिदोरी संपायची. ताईंनी अनेक वर्षांसाठी बांधून दिलेली शिदोरी मी बघता बघता फस्त केली आणि एका सकाळी मावशींनी कोपर लावलं तेव्हा माझ्याच्याने उठवेना.

ताई धावत आल्या, बॅटरी बदलून गेल्या. काही महिन्यांनी पुन्हा तेच. त्यांनी माझ्या झाकणाचा डिंक बदलला, ओल आत जात असेल म्हणून रबर लावलं, दुसऱ्या कंपनीची बॅटरी आणली. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला माझी शिदोरी नेमकी आठवड्याच्या सुट्टीत संपली. बहिणींनी माझ्यावाचून वाट शोधली. जवळच्या खोल्यांना धुण्याच्या मोरीपाशी बसवलेल्या बहिणीकडून सापडलीही. पण अगदी टोकाच्या खोलीतल्या बहिणीचा आवाज कोणापर्यंत पोचेना. ती बिचारी कोंडलं, कोंडलं म्हणून सांगत राहिली आणि पेटी तिच्या बातमीची वाट बघत राहिली. पंखा लागला नाही. सुट्टीनंतर दार उघडलं तेव्हा फळ्यांवरची सगळी अळंबी माना लांब करून उभी होती.

मालकीणबाई खोलीच्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. बाई कडक होत्या, पण बोलायच्या हळू. ताईंना म्हणाल्या, "तू म्हणाली होतीस, वर्षानुवर्षं बघायला नको. मला तर नवी बॅटरी घेऊन तुझ्याच मागे उभं राहावं लागतंय. आसपासचे सगळे अळंबीवाले माझ्याकडे बघून ठरवणार आहेत. मी त्यांना काय सांगू?"

ताईंसाठी हा प्रश्न साधा नव्हता. या बाईंनी हो म्हटलं तर ताईंची ती दोन टेबलांची खोली चालणार होती. नाही म्हटलं, तर खोलीची किल्ली परत करून त्या दूरच्या शहरात एका बड्या कंपनीत नोकरीला जाणार होत्या. तिथे त्यांना डब्या करायच्या नव्हत्या, दुसऱ्यांनी केलेल्या डब्यांची माहितीपत्रकं तपासायची होती.

"बाजाराचा अंदाज सांगणारा एक माणूस मी बोलावलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "असल्या डब्यांना पुढे काही भवितव्य आहे का, ते तो लिहून देईल. मग मी ठरवीन."

तो माणूस आला आणि ताईंनी कपाळाला हात लावला. तो त्यांचा सख्खा मोठा भाऊ होता. मालकीणबाईंना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच बोलावलं. बहिणीच्या बाबतीत खोटं लिहिलंन तर लगेच कळेल मला."

दादा अंगाने भरलेले, खिशात नेहमी चार पेनं. कुठली वस्तू पुढे किती खपेल याचे आलेख काढणं हा त्यांचा धंदा, म्हणून मिस्त्रींनी त्यांचं नाव ठेवलं आलेखवाले. आल्याबरोबर बहीणभाऊ माझ्यापाशीच उभे राहून बोलायला लागले.

"दादा, तू नाही म्हणायचं होतंस."

"म्हणणार होतो. मग वाटलं, दुसरा कोणी आला तर न बघताच लिहून जाईल."

"मग? काय दिसतंय तुला?"

"मागणी आहे गं. गोदामं आहेत, दवाखाने आहेत, पूल, शेतं, वीजमीटर. जिथे वायर ओढणं नको वाटतं तिथे सगळीकडे या झोपाळू डब्या लागणार. माझा आलेख वर जातो. पण तो वर जाताना कोणाकोणाला खाली ढकलतो, ते आलेखात दिसत नाही. दर कंपनीच्या डबीची बोली वेगळी. एकीची डबी दुसरीशी बोलत नाही, म्हणून लोक बिचकतात. आणि खरी गोम बॅटरीत. डबी स्वस्त असते. तिच्यापाशी शिडी लावून चढणारा माणूस महाग पडतो. आणि तुझी डबी तर वर्ष काढत नाही."

"बाकीच्या काढतात. ही एकच."

"का?"

"तेच कळत नाही ना," ताई म्हणाल्या. "मी हिला किती वेळा उघडलं असेल. काहीतरी माझंच चुकतंय, दादा. मला सापडत नाहीये."

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आलं असतं तर मी एका वाक्यात सांगून टाकलं असतं. पण मला फक्त हवेबद्दल बोलायला शिकवलं होतं. त्या क्षणी बोळातली हवा चांगली होती. मी तेवढंच सांगितलं.

दादांनी एक रिकामा क्रेट उलटा केला, त्यावर बसले आणि सकाळभर बोळाकडे बघत राहिले. त्यांच्या मांडीवर कोरा कागद होता. लोक आत जात होते, बाहेर येत होते, माझा दिवा लागत होता, विझत होता. दादांना दिसत होतं, पण आपल्याला काय दिसतंय ते कळत नव्हतं. डोळ्यांसमोरची गोष्ट अशीच दिसेनाशी होते. दुपारी त्यांनी डबा उघडला, खाल्ला, हात धुवायला म्हणून उठले. मोरी आतल्या अंगाला होती. दारातून जाता जाता त्यांनी सहज माझं बटण दाबलं.

"घ्या," मावशी मागून म्हणाल्या. "आलेखवाल्यांना पण लागली सवय."

दादा थांबले. त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. "मी का दाबलं हे?" ते म्हणाले.

"सगळेच दाबतात."

"कधी?"

"येता जाता. ठीक आहे म्हणते ना ती."

"दिवसातून किती वेळा दाबता तुम्ही?"

मावशी ओशाळल्या. "आता ते कोण मोजतं? पण परवा लेकीला मुलगा झाला ना, त्या दिवशी जरा जास्तच दाबलं असेल."

दादा क्रेटवर बसले ते उठेचनात. ताईंना हाक मारली. ताईंनी सगळं ऐकलं आणि जमिनीवरच बसल्या. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या, म्हणजे नक्की काय चाललं होतं ते माझ्या मापात बसत नव्हतं.

"म्हणजे बॅटरी खराब नव्हती," दादा म्हणाले. "ओलही नव्हती. डबी मायेने संपत होती. अगं, पण हे मी लिहू कसं? वीज कुठे खर्च झाली याचे माझ्याकडे ठरलेले रकाने आहेत. माप घेणं, बोलणं, झोपणं. माया कुठल्या रकान्यात घालू?"

"लिहूच नकोस. लोक म्हणतील बहिणीला वाचवायला गोष्ट रचली."

"मग काय लिहू? कारण सापडलं नाही?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लिही. पण पूर्ण लिही. बटण मी दिलं. माणसाला बटण दिसलं की तो दाबणार, हे मी धरून चालायला हवं होतं. हा दोष त्यांचा नाही, माझ्या आखणीचा आहे. तसंच लिही."

"तसं लिहिलं तर तुझी खोली जाईल."

"जाऊ दे. निदान चुकीच्या कारणासाठी जाणार नाही."

दादांनी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी चष्मा लावून, बोळात सगळ्यांसमोर ते मोठ्याने वाचलं. बाजार वाढेल, पण सांगतात तितका भरभर नाही. ज्यांच्या डब्यांना शिडी कमी लागेल त्यांच्याकडेच लोक वळतील. आणि या अळंबीघरातली दारावरची डबी संपली ती काम करून नाही, येताजाता विचारपूस केल्यामुळे. आखणाऱ्याने याची तजवीज केली नव्हती.

वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. "म्हणजे माझा तो माल माझ्याच माणसांनी घालवला," त्या म्हणाल्या.

मावशींनी हातातले मोजे काढून घट्ट पिळले. मिस्त्री पंख्याकडे बघायला लागले, जसा काही तो आत्ताच पडणार होता. ताई पुढे झाल्या, "बाई, त्यांना काही बोलू नका, चूक..."

"थांब," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांचा हळू आवाज आणखी हळू झाला. "मी पण दाबते. सगळे गेल्यावर, निघताना."

बोळात इतकी शांतता झाली की टोकाच्या खोलीतल्या अळंबीने मान वर केल्याचंसुद्धा मला ऐकू आलं. मग मिस्त्रींना ठसका लागला. ते हसू होतं, हे सगळ्यांना कळलं, पण ठसका म्हणूनच सोडून दिलं.

"हे बघ," मालकीणबाई ताईंना म्हणाल्या, "बटणवाली डबी मला नको. आणि बटण नसलेलं दारही मला नको. माझ्या माणसांना त्याची सवय झाली आहे. जमेल तुला?"

ताईंनी विचार करायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी एक डुलकीसुद्धा काढली नसती. "दोन वेगळ्या करीन," त्या म्हणाल्या. "दारावर दिवा, वायरवर चालणारा. हवा तेवढा दाबा. आणि डब्या वर, हात पोचणार नाहीत अशा."

"आधी माझ्याकडे लाव. दोन पिकं टिकलं की बाकीच्यांना मीच सांगीन."

दादांचा आलेख म्हणत होता तसंच झालं, सावकाश झालं. दोन पिकं गेली, मग शेजारच्या अळंबीवाल्याने लावल्या, मग त्याच्या मेहुण्याने. ताईंच्या खोलीत आज तीन टेबलं आहेत. तिसरं दादांनी आणून दिलं, आणि ते डुगडुगतं म्हणून ताई त्यांना अजून बोलतात.

मला ताईंनी स्वतः वर चढवलं. त्याआधी पोट उघडून बटणाची तार कापली. "आता झोप," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी झोपते. तीच बॅटरी अजून चालू आहे आणि शिडी कोणी आणलेली नाही. खाली दारावर नवा दिवा आहे, माझ्याहून मोठा आणि जरा दिखाऊ. उठले की कधीमधी मावशींचा आवाज येतो. त्या आता त्याच्याशी बोलतात. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण मापाएवढं नाही.

मित्रांनो, दादांचा अंदाज खरा ठरला तर एक दिवस तुमच्याही भिंतीवर माझी एखादी धाकटी बहीण येईल. तुम्ही तिची काळजी घ्याल, तुम्ही चांगली मुलं आहात. तिच्यावरची धूळ पुसा, तिच्यावर रंग उडू देऊ नका. पण सारखी उठवू नका. आमच्यावर माया करायची तर आम्हाला झोपू द्यायचं, हे कळायला मोठ्या माणसांनाही बॅटऱ्यांवर बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. आणि 'ठीक ना?' असं विचारावंसं वाटलंच, तर शेजारी बसलेल्याला विचारा. घरातून निघाल्यापासून त्यालाही कोणी विचारलेलं नसतं.

एवढं बोलण्यात माझी बरीच शिदोरी गेली. कोणी ताईंना सांगू नका.